तबकडी आणि तोल

मनःशांतीचा विषय निघाला की डोळ्यांसमोर ठरावीक चित्रे उभी राहतात. देवघरात तेवणारी समई, पहाटेचा घाट, पंढरीच्या वाटेवर टाळांच्या नादात हरवलेला वारकरी, किंवा इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळून बसलेला साधक. या चित्रमालिकेत प्लास्टिकच्या रंगीत तबकडीलाही जागा आहे, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. तरीही अमेरिकेत, फिनलंडमध्ये, एस्टोनियात अशी असंख्य माणसे आहेत, ज्यांना झाडांमधून तबकडी फेकत चालणे हेच विस्कटलेले मन ताळ्यावर आणण्याचे साधन वाटते. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. मात्र या शांतीचे जे कारण ती सांगतात, ते बहुधा अर्धेच खरे असते.

ही माणसे खेळतात तो खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये काठीने चेंडू टोलवत तो जमिनीतील खळग्यापर्यंत न्यायचा असतो. येथे काठीही नाही आणि चेंडूही नाही. हाताने तबकडी फेकायची, ती जिथे पडेल तिथे चालत जायचे, तेथून ती पुन्हा फेकायची आणि अशा रीतीने खांबावर बसवलेल्या लोखंडी टोपलीपर्यंत तिला पोहोचवायचे. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. नेम साधला की तबकडी त्यांवर आदळते, खळखळाट होतो आणि ती खाली टोपलीत पडते. अशी बहुधा १८ लक्ष्ये असतात आणि सर्वांत कमी फेकींत जो ती पूर्ण करतो तो जिंकतो. तबकडीचे वजन साधारणतः १५० ते १७५ ग्रॅम आणि व्यास सुमारे २१ सेंटिमीटर असतो. आरंभी एक-दोन तबकड्या पुरतात. बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असल्यामुळे तेथे शुल्कही लागत नाही. आज जगात अशी १५,००० हून अधिक मैदाने आहेत.

या खेळाच्या जन्मकथेत अध्यात्माचा मागमूसही नाही. अमेरिकेत आकाशातील उडत्या तबकड्यांच्या वार्तांनी लोक भारावून गेले होते, त्या काळात फ्रेड मॉरिसन याने फेकण्याची प्लास्टिकची तबकडी घडवली आणि वॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ती १९५७ साली बाजारात आणली. फ्रिस्बी या नावाने ती पुढे जगभर गेली. त्याच कंपनीतील एड हेड्रिक याने तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार वळ्या उमटवून तिचे उड्डाण अधिक स्थिर केले. त्याचे पेटंट १९६७ सालचे आहे. झाडे, दिव्यांचे खांब, कचऱ्याचे डबे यांवर नेम धरून तबकडी फेकण्याचा खेळ तोवर ठिकठिकाणी आपोआप सुरू झाला होता. हेड्रिकने १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात त्यासाठी पहिले कायमस्वरूपी मैदान उभारले आणि पुढच्या वर्षी खेळाडूंची संघटनाही स्थापन केली. या मैदानावर सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला खरोखर लागली की नुसतीच जवळून गेली, यावरून खेळणाऱ्यांत तंटे होत. ते मिटावेत म्हणून हेड्रिकने साखळ्यांची टोपली योजली आणि १९७७ साली तिचे पेटंट मिळवले. मनःशांतीच्या बाबतीत या खेळाची पहिली कामगिरी कोणती, तर ही!

मग ज्या शांतीचा एवढा उल्लेख होतो ती येते कोठून? खेळणाऱ्यांना विचारले तर बहुतेक जण झाडी, मोकळी हवा, पाखरांचे आवाज आणि पायांखालची माती यांकडे बोट दाखवतात. हे उत्तर खोटे नाही. परंतु झाडी आणि हवा तबकडीवाचूनही मिळते. रानातून दोन तास नुसते भटकणाऱ्यालाही हे सारे लाभते आणि त्याला फेकींची मोजदादही करावी लागत नाही. तबकडी हाती घेतल्याने त्यात कशाची भर पडते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर निसर्गाच्या सौंदर्यात शोधून सापडणार नाही. ते तबकडीच्या स्वभावात आणि खेळाच्या रचनेत शोधावे लागते.

तबकडी चेंडूसारखी आज्ञाधारक नसते. ती हातातून सुटते तेव्हा भोवऱ्यासारखी गरगर फिरत असते आणि त्या फिरण्यामुळेच ती हवेत सपाट तरंगू शकते. उजव्या हाताच्या खेळाडूने डावीकडून उजवीकडे हात नेत ती फेकली, तर वरून पाहता ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग अधिक असतो तोवर ती सरळ जाते, काही तबकड्या किंचित उजवीकडेही कलतात; वेग ओसरू लागला की बहुतेक सगळ्या डावीकडे झुकत खाली येतात. म्हणजे जेथे पोहोचायचे तेथे थेट नेम धरून चालत नाही. तबकडी अखेरीस कोणीकडे वळेल हे आधीच ओळखून तिला भलतीकडेच सोडावे लागते. त्यात वाऱ्याचा हात निराळा. समोरून वारा आला तर ती उचलली जाते आणि उलटण्याच्या बेताला येते. पाठीमागून आला तर लवकर खाली बसते. फेकणाऱ्याच्या अधिकारात हाताचा कोन, वेग, फिरकी आणि क्षण एवढेच असते. बोटे सुटली की पुढचे तीन-चार सेकंद तो केवळ प्रेक्षक असतो.

बळ लावले म्हणजे काम होते, या समजुतीला येथे फार लवकर तडा जातो. नवखा खेळाडू जोर करतो, खांदे आवळतो, मूठ घट्ट धरतो. घट्ट मूठ क्षणभर उशिरा सुटते आणि तबकडी नेमापासून पार उजवीकडे, झुडपांत जाऊन पडते. तो चिडतो. चिडून पुढच्या फेकीला आणखी जोर लावतो आणि पहिल्याहून वाईट फळ हाती येते. रागाचे परिणाम संसारात दिसायला कधी महिने, कधी वर्षे लागतात आणि तोवर कार्यकारणाचा धागा हातातून सुटलेला असतो. येथे तो धागा अवघ्या काही सेकंदांचा आहे. राग आला, हात ताठरला, तबकडी झाडावर आपटली. एवढे स्वच्छ प्रमाण पुढे असताना दोष वाऱ्यावर ढकलणारे खेळाडूही पुष्कळ असतात, हा भाग वेगळा.

तथापि या खेळाचे मर्म फेकीतही नाही. एका फेरीचा हिशेब मांडून पाहावा. साधारण खेळाडूला १८ लक्ष्यांसाठी ६० च्या आसपास फेकी लागतात. एका फेकीला ५ सेकंद धरले तर प्रत्यक्ष फेकण्याचा काळ झाला ५ मिनिटे. फेरी मात्र दोन तास चालते. उरलेली जवळजवळ ११५ मिनिटे खेळाडू चालत असतो, थांबलेला असतो किंवा दुसऱ्याची फेक पाहत असतो. हात रिकामा असतो आणि मन मोकळे. आणि मोकळ्या मनाइतके बेइमान दुसरे काही नाही. चुकलेली फेक ते पुन्हा पुन्हा फेकून पाहते. ते झाड तेथे नसते तर, वारा क्षणभर थांबला असता तर, मागच्या रविवारी तर अशीच फेक साधली होती. टोपली समोर असते आणि मन दोन लक्ष्ये मागे झुडपांत अडकलेले असते. अशा वेळी खेळाचा एक अगदी साधा नियम कामाला येतो. तबकडी जिथे पडली, तिथूनच पुढची फेक करायची. ती जिथे पडायला हवी होती तेथून खेळण्याची सोय नाही. झाडाच्या बुंध्यामागे पडली असेल तर गुडघ्यावर बसून, फांद्यांच्या फटीतून, जमेल तेवढी पुढे काढायची. जे घडले ते मान्य करून तेथून पाऊल उचलणे ही गोष्ट ग्रंथांतून शिकायला कठीण जाते. येथे ती एका फेरीत साठ वेळा, पायांनी चालत जाऊन करावी लागते. तबकडी जी भर घालते ती ही. नुसत्या भटकंतीत मनाला काही पचवावे लागत नाही. येथे दर दोन मिनिटांनी लहानसे यश किंवा लहानसे अपयश पदरात पडते आणि पुढच्या फेकीआधी ते खाली ठेवावे लागते.

नियमपुस्तकातील आणखी एक कलम या संदर्भात लक्षणीय आहे. टोपलीपासून १० मीटरांच्या आत आल्यावर, फेकीच्या भरात पुढे झेपावण्याची मुभा नाही. तबकडी सुटल्यानंतर खेळाडूने आपल्या जागी तोल पूर्णपणे सावरलेला दिसला पाहिजे. मगच त्याने टोपलीकडे पाऊल टाकायचे. तबकडी साखळ्यांत शिरली की बाहेर घरंगळली याने या अटीत काही फरक पडत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात अर्थातच वेदान्त नव्हता. पुढे पडत पडत अंतर चोरणाऱ्यांना आवरणे एवढाच त्यांचा हेतू होता. पण फळाकडे धावण्यापूर्वी तोल सावरलेला असला पाहिजे, ही अट एका खेळाने लिखित स्वरूपात घातली आहे आणि रोज हजारो माणसे ती शरीराने पाळत आहेत, हे विलक्षण आहे. एका पायावर शरीराचा भार तोलून, दुसरा पाय मागे अधांतरी ठेवून क्षणभर निश्चल उभा राहिलेला खेळाडू पाहिला म्हणजे योगासनातील वृक्षासनाची आठवण होते.

मराठी वाचकाला येथे गीतेतील फलाशेच्या त्यागाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ते योग्यही आहे, मात्र एका मर्यादेपर्यंत. फलाशा सोडायची म्हणजे नेमही सोडायचा, असा सोयीस्कर अर्थ अनेकदा काढला जातो. डिस्क गोल्फमधील जाणता खेळाडू तसे करीत नाही. पुष्कळ साखळ्यांपैकी एका साखळीची एकच कडी तो नजरेने निवडतो आणि तिच्यावर दृष्टी खिळवतो. पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीच न दिसणारा अर्जुन सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या कथेत एकाग्रतेची परीक्षा नेम धरण्यापाशी संपते. येथे नेम धरून झाल्यावर तिचा अधिक अवघड भाग सुरू होतो, कारण ज्या कडीवर सारे लक्ष एकवटले होते तिला तबकडी लागली नाही, तरी पुढच्या क्षणी तेवढ्याच मनःपूर्वकतेने दुसरी कडी निवडायची असते. आस्था पूर्ण आणि आसक्ती नाही, असे हे मिश्रण. फेक लागली काय नि चुकली काय, मला सारखेच, असे म्हणणारा बहुधा स्थितप्रज्ञ नसतो. तो नुसता बेपर्वा असतो.

खेळात अध्यात्म पाहण्याची ही दृष्टी पाश्चात्त्यांना अगदी अपरिचित होती असेही नाही. मायकेल मर्फी हा अमेरिकन तरुण १९५६ साली पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात आला आणि एक वर्षाहून अधिक काळ तेथे राहिला. परतल्यावर १९६२ साली त्याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एसालेन ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. १९७२ साली त्याची ‘गोल्फ इन द किंग्डम’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात गोल्फ शिकवणारा एक स्कॉटिश गुरू खेळातून आत्मज्ञानाकडे नेऊ पाहतो आणि त्याचे नाव शिवास असे आहे. ओक ग्रोव्हचे मैदान त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच राज्यात उभे राहिले. या दोन गोष्टींत थेट नाते जोडण्याचा मोह आवरलेला बरा. हेड्रिक खेळणी बनवणारा होता, साधक नव्हता. पण कॅलिफोर्नियाच्या त्या हवेत पुदुच्चेरीकडचाही एक झोत होता, एवढे निश्चित.

अध्यात्म आणि चमत्कार यांची गल्लत होते ती मात्र सर्वत्र सारखीच. जून २०२१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, ऑग्डेन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत जेम्स कॉनराड हा खेळाडू पॉल मॅकबेथपेक्षा एका फेकीने मागे होता. अखेरच्या लक्ष्यावर त्याने २४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ७५ मीटरांवरून, फेकलेली तबकडी थेट साखळ्यांत शिरली. बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक लक्ष्यावर कॉनराड जिंकला. त्या फेकीला लोक पवित्र फेक म्हणतात. आनंदाच्या भरात दिलेले नाव म्हणून त्याला कोणाचा आक्षेप नसावा. परंतु या खेळात पावित्र्य शोधायचेच असेल तर ७५ मीटरांवरून लागलेल्या एका फेकीत कशासाठी शोधावे? ज्या असंख्य फेकी झाडांवर आपटल्या, ज्यांच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही आणि ज्यांच्या मागे जाऊन खेळाडू निमूटपणे खाली वाकला, त्यांचा या शब्दावर अधिक हक्क आहे. क्षणात हातचे अजिंक्यपद निसटलेल्या मॅकबेथला पुढच्याच लक्ष्यावर पुन्हा शांत चित्ताने तबकडी उचलावी लागली. त्याच्या त्या फेकीला कोणी नाव दिलेले नाही.

या शांतीला शत्रूही आहेत आणि ते खेळाच्या आतच वावरतात. पहिला शत्रू म्हणजे संग्रह. एका तबकडीवर भागणारा खेळाडू वर्षभरात वीस-पंचवीस तबकड्यांची पिशवी पाठीवर घेऊन हिंडू लागतो. प्रत्येक तबकडीवर तिचा वेग, तरंगणे, कल आणि झुकाव सांगणारे चार आकडे छापलेले असतात. त्या आकड्यांच्या नादात वाऱ्याकडे पाहायचे राहून जाते. दुसरा शत्रू म्हणजे मोजमाप. स्पर्धा खेळणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या कामगिरीवरून मानांकनाचा आकडा मिळतो आणि मग फेरी संपल्यावर मन हलके झाले की नाही, यापेक्षा आकडा चढला की उतरला याची चिंता मोठी होते. तिसरा शत्रू सर्वांत सूक्ष्म आहे. शांती मिळावी म्हणून खेळणे, हीही एक फलाशाच होय. आज अजून कसे शांत वाटत नाही, या विचाराने सातव्या लक्ष्यापाशीच अस्वस्थ झालेला खेळाडू मैदानावर भेटतो. शांतीला खेळाचे उद्दिष्ट केले की ती टोपलीसारखी दूर जाऊन उभी राहते.

याखेरीज एक आक्षेप असा आहे, ज्याला आध्यात्मिक उत्तर देऊन चालणार नाही. ज्या झाडांच्या सावलीत मन निवते, त्याच झाडांच्या साली वेगाने येणाऱ्या तबकड्यांनी सोलवटतात. रोजच्या पायवाटांनी माती दबून घट्ट होते आणि मुळांना पाणी व हवा मिळेनाशी होते. यासाठी काही ठिकाणी बुंध्यांभोवती संरक्षक वेष्टने घालतात, तर कोठे तबकडी फेकण्याच्या जागा बदलत ठेवतात. अशी काळजी जेथे घेतली जात नाही, तेथे निसर्गाच्या सान्निध्यातील शांतीची भाषा पोकळ ठरते. शिवाय ही शांती मोकळ्या जमिनीवर अवलंबून आहे. जेथे मुलांना विटी-दांडूपुरतीही जागा उरलेली नाही अशा दाट वस्तीच्या शहरांना हा खेळ सुचवणे सोपे आहे, पण त्यासाठी रान कोठून आणणार? फिनलंडसारख्या देशात सुमारे हजार मैदाने होऊ शकली, कारण तेथे माणसे थोडी आणि अरण्ये अफाट आहेत.

ज्या हेड्रिकने हे सारे सुरू केले त्याचा मृत्यू २००२ साली झाला. तबकडीवर प्रेम करणाऱ्यांचा जणू एक वेगळा पंथच आहे, अशी थट्टा तो करीत असे. मेल्यावर माणूस स्वर्गात किंवा नरकात जात नाही, छपरावर अडकलेल्या तबकडीसारखा तेथेच पडून राहतो, असे त्या पंथाचे तत्त्वज्ञान! त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या घडवण्यात आल्या. नदीच्या प्रवाहात अस्थी सोडणाऱ्या समाजाला हे विचित्र वाटेल. तरी हाती होते ते सोडून द्यायचे आणि ते वाहून जाताना पाहायचे, ही क्रिया दोन्हीकडे एकच आहे. एकीकडे पाणी, दुसरीकडे हवा.

उत्तरेकडे, फिनलंडमध्ये, डिसेंबरात दुपारीच अंधार पडतो आणि मैदानावर गुडघाभर बर्फ साचते. तरीही लोक कपाळाला दिवे बांधून खेळायला बाहेर पडतात. बर्फात शिरलेली तबकडी दिसावी म्हणून तिच्या पोटाला लांब फीत चिकटवलेली असते. एवढे करूनही ती कधी हरवतेच. नियमानुसार ती शोधण्यासाठी तीन मिनिटे मिळतात आणि त्या तीन मिनिटांत गटातील सर्वांनी, अगदी प्रतिस्पर्ध्यानेही, शोधायला हातभार लावायचा असतो. चार दिवे बर्फावर इकडेतिकडे फिरू लागतात. वेळ संपली की दंडाची एक फेक वहीत मांडली जाते आणि मंडळी पुढच्या टोपलीकडे वळतात. तबकडीच्या आतल्या बाजूला मालकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळले की कोणीतरी ती उचलते आणि त्या क्रमांकावर कळवते.